सूडबुद्धीने नव्हे

कॉर्बिन गाव, मिसूरी. १८६३

दहावा महिना, २

महिन्यांना नावं न देता आकडे घालायची सवय घरून आली. आम्ही क्वेकर पंथाचे ख्रिस्ती. आमच्या मंडळीत महिन्यांची जुन्या देवांवरून पडलेली नावं घेत नाहीत, हत्यार धरत नाहीत आणि कुणाला अहो-जाहो करत नाहीत. गव्हर्नर असो नाहीतर गुराखी, सगळ्यांना एकच ‘तू’. मी फौजेत नाव घातलं तेव्हा मंडळीने माझं नाव काढून टाकलं. आता हत्यारही आहे आणि अहो-जाहोही आहे. आकडे तेवढे उरले.

आज कर्नल स्ट्राउडनी बोलावून घेतलं. ओबेड मॅकनेअर, आमचा म्हातारा वाटाड्या, गेल्या आठवड्यात खेचरावर बसून नदीपलीकडे गेला तो परतलाच नाही. पलीकडच्या जंगलात बंडखोरांच्या टोळ्या आहेत. गणवेश नाही, छावणी नाही. दिवसा शेतात नांगर धरतात आणि झाडीत शिरले की बंदूक. उन्हाळ्यापासून आमची किती पोरं त्यांनी झाडाआडून टिपली ते लिहीत बसत नाही.

कर्नल खिडकीशी उभे होते. म्हणाले, “हिन्शॉ, तळघरात आपल्याकडे कैदी आहेत. त्यातले पाच उभे करतो आणि गोळ्या घालतो. एका ओबेडला पाच. मग बघू कोण आपल्या माणसाला हात लावतो.”

मी म्हटलं, “साहेब, तसं करता येणार नाही.”

“का नाही?”

“वॉशिंग्टनहून नवे नियम आलेत. तुम्हीच मला दिलेत वाचायला.”

ते हसले. “म्हणून तर बोलावलं. युद्धाआधी आयोवात जमिनींचे खटले चालवायचात ना? मग वकीलसाहेब, मला सांगा, कसं करता येईल?”

दहावा महिना, ३

दिवसभर ते नियम घेऊन बसलो. खरं सांगतो, मला ते मनापासून आवडतात. कुणीतरी बसून विचार केलाय की माणूस माणसाला मारत असतानाही काही गोष्टी करायच्या नाहीत. विष घालायचं नाही, छळ करायचा नाही, शरण आलेल्याला मारायचं नाही. बापाशी भांडून मी फौजेत आलो तो याच भरवशावर, की गुलामगिरी मोडायला हत्यार उचलावं लागलं तरी ते हात स्वच्छ ठेवून उचलता येतं.

शत्रूने नियम मोडला तर उलट वार करायची मुभा नियमांत आहे, पण केवळ सूड म्हणून नाही. आधी नीट चौकशी हवी आणि दुसरा उपाय उरलेला नसावा. मी कर्नलना चार पानांचा कागद लिहून दिला. एकाला पाच हे प्रमाण कुठेच बसत नाही; एकाला एक, त्याहून जास्त नाही. आधी जाहीर नोटीस, परत आणून द्यायला पुरेशी मुदत. स्वतंत्र चौकशी. माणूस निवडायचा तो कुणाच्या मर्जीने नाही, चिठ्ठ्या टाकून. आणि शेवटी वाचून दाखवायचा मजकूर: ‘हे कृत्य सूडबुद्धीने नव्हे, तर पुढील रक्तपात टळावा एवढ्याच हेतूने, सखोल चौकशीअंती व अन्य सर्व उपाय खुंटल्यावर करण्यात येत आहे.’

कर्नलनी कागद दोनदा वाचला. “सुरेख,” म्हणाले. “अगदी सुरेख. एकही फट ठेवली नाहीत.” आणि वाद न घालता सगळं मान्य केलं. नोटीस उद्या लागेल. मुदत पंधरा तारखेपर्यंत. चौकशी मीच करायची.

चार माणसांचा जीव वाचवला आज. थकलोय, पण बऱ्याच दिवसांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

दहावा महिना, ५

चिठ्ठ्यांऐवजी घेवड्याचे दाणे घेतले, कारण कैद्यांतल्या कित्येकांना वाचता येत नाही. सगळे पांढरे, एक काळा. टोपी मी धरली होती. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला मन झालं नाही.

काळा दाणा हायरम टॅकेटला आला. पन्नाशीचा लोहार, रुंद खांद्यांचा, एका कानाने बहिरा. टोळीवाल्यांच्या घोड्यांना नाल ठोकले म्हणून पकडलेला. त्याने दाणा चिमटीत धरून उजेडाकडे केला, जणू खोटा निघतो की काय ते बघत होता.

“कॅप्टनसाहेब, सगळ्यांना सारखी संधी होती ना?”

“होती. मी स्वतः पाहिलंय.”

“लबाडी काही नाही?”

“काही नाही.”

“वाईट झालं,” तो म्हणाला. “लबाडी असती तर कुणाला तरी शिव्या घालता आल्या असत्या.”

बाकीचे कैदी खाली बघत राहिले. एकाला सुटल्याचं हसू आवरेना, तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

दहावा महिना, ६

चौकशीला सुरुवात. ओबेडची बायको सेरेना हिला भेटलो. मोठी धीराची बाई. डोळ्यांत टिपूस नाही. बोलता बोलता कोंबडीची पिसं काढत होती.

विचारलं, त्याला कुणाची भीती होती का?

“ओबेडला? भीती?” ती म्हणाली. “पोटात व्हिस्की असली की त्याला ना माणसाची भीती, ना पाण्याची. त्या दिवशी तर पाऊसही झालेला. मी म्हटलं, उद्या जा. म्हणाला, हे खेचर माझ्याहून शहाणं आहे.”

असा निधडा माणूस. चौकशीच्या कागदावर मी लिहिलं: धाडसी, स्वेच्छेने धोका पत्करणारा, बेपत्ता होण्यास स्वतःचं असं काही कारण नाही.

निघताना तिने विचारलं, “त्या लोहाराला खरंच मारणार?”

“ओबेड परत आला तर नाही.”

ती पिसं काढायची थांबली. “टॅकेटने आमच्या पाळण्याला कड्या करून दिल्या होत्या. पैसे घेतले नव्हते,” म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

दहावा महिना, ९

बायकोचं, टॅमारचं, पत्र. आयोवा जवळ, टपाल दोन दिवसांत पोचतं. धाकटीला खोकला होता, आता बरा आहे. मक्याचं पीक बरं. मी तिला दाण्यांचं कळवलं होतं, पाचाचा एक कसा केला तेही. तिने त्यावर एकच ओळ लिहिली आहे: ‘टोपी तू का धरलीस?’

तिला समजावून सांगावं लागेल. लांबून अशा गोष्टी वेगळ्या दिसतात.

जेवण घेऊन टॅकेटकडे गेलो. मक्याची भाकरी, खारं मांस. मला जायची गरज नव्हती. त्याने निम्मं बाजूला सारलं. मी मोठ्याने बोललो तर म्हणाला, “या बाजूने बोला, हा कान शाबूत आहे.” मग एकदम, “नदी बघितली का कुणी?”

“म्हणजे?”

“ओबेडला मी वीस वर्षं ओळखतो. तुम्ही लोक जंगल धुंडाळताय. नदी बघा.”

मरायच्या माणसाला वेळ हवा असतो. त्याला दोष देत नाही.

दहावा महिना, १०

रात्रभर अंग दुखत होतं. दिवसभर पडून. टॅमारला उत्तर लिहायला घेतलं, जमलं नाही.

दहावा महिना, १२

चौकशी पुरी व्हायची तर दुसरी बाजूही ऐकायला हवी, हे माझंच कलम. पांढरं निशाण घेऊन, दोन स्वार बरोबर घेऊन नदीपलीकडच्या पडक्या चर्चपर्यंत गेलो. निरोप आधी पाठवला होता. त्यांचा म्होरक्या आला, नाव सांगितलं नाही. माझ्याहून लहान असेल. खिशातून पर्सिमनची फळं काढून खात होता, बिया माझ्या घोड्याच्या पायाशी थुंकत होता.

“तुमच्या म्हाताऱ्याला आम्ही बघितलं पण नाही,” तो म्हणाला.

“याला पुरावा काय?”

तो हसला. “कॅप्टन, आम्ही मारला असता तर त्याचे बूट घालून आलो असतो तुम्हाला भेटायला. आम्ही काय लपवतो? मारलेलं आम्ही मिरवतो.”

मला त्याच क्षणी पटलं. हा माणूस खोटं बोलत नव्हता. खोटं बोलायची त्याला गरजच वाटत नव्हती.

“आणि टॅकेटला गोळी घातलीत,” तो पुढे म्हणाला, “तर तुमचे दोन. तुमच्यासारखा कागद नाही करणार आम्ही.”

परतताना नदीच्या उतारावर, पाणी ओलांडायच्या जागी, घोडा थांबवला. पाऊस उघडून बरेच दिवस झालेत, पाणी ओसरलंय. टॅकेटचं बोलणं आठवलं. सेरेनाचंही. व्हिस्की, पाऊस, पाण्याची भीती नाही. ती बाई मला धीर दाखवत नव्हती, सरळ सांगत होती. ती सांगत होती आणि मी तिच्यासमोर बसून भलतंच लिहीत होतो.

दहावा महिना, १३

सापडला. उताराच्या खाली, वळणावर वाहून आलेल्या ओंडक्यांच्या ढिगात. आधी खोगीर दिसलं, मग हात. आम्ही चौघांनी ओढून काढला. काय अवस्था होती ते लिहीत नाही.

आमच्या डॉक्टरने तपासला. गोळी नाही, वार नाही, दोरीचा वळ नाही. कोटाच्या आतल्या खिशात चपटी बाटली, रिकामी, बूच नीट लावलेलं.

सेरेनाने त्याला बघितलं आणि आज मात्र रडली. म्हणाली, “मेल्या, सांगितलं होतं तुला.”

दहावा महिना, १४

भीती होती, कर्नल म्हणतील की पाठलाग झाला म्हणून बुडाला. पण नाही म्हणाले. माझा कागद समोर ठेवला, चौकशीच्या कलमावर बोट ठेवलं आणि हुकूम फाडला. “नियम म्हणजे नियम, वकीलसाहेब. मी काही कसाई नाही.” वर माझी पाठही थोपटली. मला भरून आलं. हे नियम नसते तर टॅकेट आणि आणखी चौघं आज मातीखाली असते.

धावत तळघरात गेलो. टॅकेटला त्याच्या चांगल्या कानाशी सांगितलं. तो बाकावर बसला. बराच वेळ गुडघे चोळत राहिला.

मी म्हटलं, “तुमचंच ऐकलं. नदी बघितली.”

“हं.” मग मान वर केली. “कॅप्टन, एक सांगा. ओबेड पाण्यात नसता, त्याच्या अंगात गोळी निघाली असती, तर उद्या मला मारलं असतं ना?”

“मग प्रश्न वेगळा झाला असता.”

“माझ्यासाठी काय वेगळं झालं असतं? मी तर इथेच होतो. या बाकावर.”

मी म्हटलं, नियम असा आहे की... आणि कलम समजावून सांगू लागलो. त्याने हात वर करून थांबवलं. “राहू द्या. तुम्ही माझ्यासाठी धावपळ केलीत, ते मी बघितलं. पण ओबेड प्यायला होता म्हणून मी वाचलो. तुमच्यामुळे नाही.”

उद्या त्याला इतर कैद्यांबरोबर सेंट लुइसला पाठवतील. आभाराची अपेक्षा नव्हती असं नाही. होती. आणि मिळाले नाहीत म्हणून राग आला, याची लाज वाटली.

दहावा महिना, २६

कर्नलनी जेवायला बोलावलं. खुशीत होते. सुरी-काटा बाजूला ठेवून म्हणाले, “हिन्शॉ, तुमचा कागद मी वर पाठवला होता, जनरलसाहेबांकडे. फार खूश झाले. नकला काढून सगळ्या ठाण्यांना पाठवल्यात.”

मला आनंद झाला. लपवत नाही. मनात आलं, आता प्रत्येक ठाण्यावर आधी चौकशी होईल, आधी नोटीस लागेल.

“बेथपेजला उपयोग पण झाला,” ते म्हणाले. “गेल्या आठवड्यात त्यांचे दोन पहारेकरी मारले गेले. तिथल्या कमांडरने एक माणूस उभा केला. सगळं रीतसर. वर्तमानपत्रांत चकार शब्द नाही.”

मी विचारलं, “चौकशी?”

“केली असणार.”

“मुदत किती दिली?”

“अहो, मला काय माहीत! खा ना, गार होतंय.” मग माझा चेहरा बघून असेल, सांत्वन करावं तसं म्हणाले, “जनरलसाहेब काय म्हणाले ऐका. ‘स्ट्राउड, तुम्ही आधी पाच मागितले होते, त्यावर मी सही करणार नव्हतो. पाच म्हटलं की बोभाटा होतो, वॉशिंग्टनपर्यंत जातो. पण एकच, आणि एवढं व्यवस्थित मांडलेलं? अशा कागदावर सही करायला कुणाचाही हात अडणार नाही.’”

म्हणजे पाचाला सही होणारच नव्हती.

तेव्हा मी कोणते चार वाचवले?

दहावा महिना, २९

वर पत्र पाठवलं: कागद मागे घ्यावा, तो एका विशिष्ट प्रसंगापुरता लिहिलेला होता. टॅमारलाही लिहिलं. तिच्या त्या एका ओळीला अजून उत्तर देता आलेलं नाही.

अकरावा महिना, ३

जनरलच्या कचेरीतून उत्तर, दोन ओळींचं. कागद आता फौजेचा आहे. लेखकाच्या नम्रतेची नोंद घेतली आहे.

नम्रता!

कर्नलना सांगून बेथपेजला निघालो. कारण विचारलं तर म्हटलं, कागद कसा वापरला ते बघून येतो. “जा की,” म्हणाले, “त्यांनाही तुम्हाला भेटून आनंद होईल.”

अकरावा महिना, ५

बेथपेज. आनंद खरोखरच झाला त्यांना. तिथल्या कमांडरने हात हातात घेतला तो सोडेना. “तुम्ही आमचं काम किती सोपं केलंत! आधी असं काही करायचं म्हणजे रात्र-रात्र झोप नाही. आता सगळं तयार. नाव घालायचं, तारीख घालायची.”

चौकशी एका दुपारात उरकली होती. मुदत दिली होती दुसऱ्या दिवसाची. चिठ्ठ्या मात्र टाकल्या होत्या. ते त्यांना फार आवडलं.

मारला त्याचं नाव एनॉक ऑर. पिंपं करायचा. पहारेकऱ्यांना मारण्यात त्याचा हात होता का, असं विचारलं. कमांडर जरा गोंधळला. “हात असता तर खटलाच चालवला असता की. हे तर त्यासाठी नाही ना? तुमच्याच कागदात आहे.”

माझ्याच कागदात आहे.

त्याच्या बायकोकडे गेलो. का गेलो ते नीट सांगता येणार नाही. डेलाना ऑर, तिशीची असेल. अंगणात मोठ्या तांब्याच्या हंड्यात सफरचंदं शिजत होती आणि ती लांब दांड्याच्या लाकडी फळीने ढवळत होती. माझा फौजेचा निळा कोट बघूनही हात थांबला नाही.

मी नाव सांगितलं. म्हटलं, “तुमच्या नवऱ्याला जो कागद वाचून दाखवला तो मी लिहिलेला होता.”

“तुम्ही?” तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. “मला वाटलं, कुणी म्हातारा असेल.”

मग तीच म्हणाली, “बायकांना मैदानात येऊ दिलं नाही. आम्ही कुंपणाशी उभ्या होतो. तो अधिकारी वाचत होता ते ऐकू येत होतं, पण शब्द कळत नव्हते. किती वेळ वाचत होता! एनॉक ऐकत उभा होता, टोपी हातात धरून. एवढं काय होतं त्यात?”

“तुम्हाला नक्की ऐकायचंय?”

“दुसरं कोण सांगणार मला?”

नक्कल माझ्या खिशात होती. मी उभ्याने वाचली, पहिल्यापासून. ती ढवळत राहिली. आणि हे लिहिल्यावाचून राहवत नाही: वाक्यं चांगली होती. कुठे जीभ अडली नाही. एकातून दुसरं निघत होतं. ‘सूडबुद्धीने नव्हे’ तिथे आवाज आपोआप गंभीर झाला. हा कागद दुसऱ्या कुणाचा असता तर मी त्याला शाबासकी दिली असती.

वाचून झालं. हंड्यात बुडबुडे फुटत होते.

“झालं?” तिने विचारलं.

“हो.”

“आता तो खिशात ठेवा,” ती म्हणाली, “आणि तुमच्या शब्दांत सांगा. एनॉकला का मारलं?”

मी कागदाची घडी घातली. खिशात ठेवला. तोंड उघडलं.

तिने खूप वेळ वाट बघितली, घाई केली नाही, आवाज चढवला नाही. माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. शेवटी हंड्याकडे वळली. “जा तुम्ही. बोलत बसले तर खाली लागेल हे.”

अकरावा महिना, ७

कॉर्बिनला परत. अंगावरची धूळ न झटकताच कर्नलकडे गेलो. म्हटलं, “साहेब, मला माझ्या तुकडीत परत पाठवा. असा कागद मी पुन्हा लिहिणार नाही. जनरलनी हुकूम केला तरी नाही, शिक्षा झाली तरी नाही.”

ते रागावतील अशी तयारी करून गेलो होतो. ते रागावले नाहीत. खुर्ची पुढे सरकवली, कॉफी ओतली, माझ्याकडे खरोखरच्या मायेने बघितलं.

“अहो हिन्शॉ,” ते म्हणाले, “पुन्हा लिहायचा कशाला? तो आहेच की.”